गणपतीचा पाट आता कोण नेतं?

खळ्यातला | २८ ऑगस्ट २०२५, रात्री ११:४०

काल आमच्याकडे (ड्युसेलडॉर्फ, जर्मनी) उन्हाळी सुट्टी संपून शाळा उघडल्या. नेमक्या २७ ऑगस्टला, चतुर्थीच्या दिवशी. सुट्टीला लागून शाळा बुडवलेली इथे अजिबात चालत नाही, दंड होतो. त्यामुळे यंदाही गावी जाणं झालं नाही. हे नववं वर्ष.

गाव कणकवली तालुक्यात. घरी दुपारी साडेबाराला आरती, म्हणजे इथे सकाळचे नऊ. साडेनऊला ऑफिसची मीटिंग. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप, बाजूला मुलांनी कुंभारकामाच्या मातीतून केलेला वीतभर गणपती (सोंड डावीकडे वळवली होती, वाळताना सरळ झाली), आणि फोनवर घरची आरती. पुतण्याने फोन माटवीच्या (गणपतीवर टांगलेल्या, रानफळांनी सजवलेल्या चौकटीच्या) बरोबर खाली उभा केला होता, त्यामुळे मला गणपती अर्धाच दिसत होता. तवसं, कवंडाळं, कांगण्या, नारळाची पेंड आणि सुपारीचे घोस मात्र झकास दिसत होते.

‘घालीन लोटांगण’ झालं, मंत्रपुष्प झालं, आणि काका गाऱ्हाण्याला उभे राहिले. तळकोकणातल्यांना सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. आरतीनंतर घरातला मोठा माणूस देवासमोर उभा राहून खड्या आवाजात मालवणीत मागणं मागतो आणि प्रत्येक वाक्यानंतर बाकीचे सगळे ओरडतात, ‘होय म्हाराजा!’ काका म्हणाले, “जे कोण पोटापाण्यासाठी मुंबैक, परदेशात आसत, त्यांका सुखरूप ठेव रे म्हाराजा!” तिकडे पंचवीस माणसांचा ‘होय म्हाराजा’ होऊन गेला, काकांनी पुढचं वाक्य सुरू केलं, आणि मग माझा ‘होय म्हाराजा’ तिथे पोचला. एकटाच. तिकडे पोरं खो खो हसली. पुढच्या वाक्याला मी गप्प राहिलो.

पण धागा त्यासाठी काढलेला नाही. आरतीनंतर काका सहज म्हणाले, “पाट यंदा माझ्या नातवान नेल्यान. एकटो गेलो, कोणाक संगती घेतल्यान नाय.” तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

आमचा पाट फणसाचा. मागच्या बाजूला ऑइल पेंटने आडनाव लिहिलेलं, एक कोपरा उडालेला. नागपंचमीला तो गणपतीच्या शाळेत (म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यात) नेऊन द्यायचा आणि हरतालिकेच्या दिवशी त्याच पाटावर बसलेली मूर्ती डोक्यावरून घरी आणायची. सातवीत असताना आजोबांनी हे काम माझ्याकडे दिलं. येताना मळ्याच्या मेरेवरून चालायचं, दोन्ही बाजूंना भात, पायाखाली निसरडं. मूर्तीच्या तोंडावर कापड, वरून धाकट्या भावाने धरलेली छत्री, आणि त्या छत्रीची सगळी पागोळी माझ्या मानेवर. घराच्या पायरीवर थांबायचं. आजी भाकरतुकडा ओवाळून टाकायची, पायांवर पाणी घालायची, की मग आत. वर्षभर घरात मला कोणी काही विचारत नसे. त्या दिवशी मात्र मी पोचल्याशिवाय कोणाचं काही सुरू होत नसे.

मोदक इथे मिळतात, मंडळ आहे, ढोल-ताशा पथकही आहे. मला जे चुकल्यासारखं होतं ते हे काम आहे. आणि ते काम आता दुसरा कोणीतरी, माझ्याइतकंच बरं, करतोय.

तर प्रश्न असा: तुमच्या घरच्या सणात तुमच्या वाट्याचं काम कोणतं होतं, आणि आता ते कोण करतं?

---

पेटीवाला | २९ ऑगस्ट, सकाळी ७:०५

भावा, परदेश कशाला, डोंबिवलीहूनसुद्धा चुकतो सण. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, आधी एकशे वीस होते. गणपतीच्या तारखांना सकाळी आठ वाजता बसावं तर आठ वाजून दोन मिनिटांनी वेटिंग लिस्ट शंभराच्या पुढे. मुंबई-गोवा हायवेचं काम २०११ पासून चालू आहे, माझा मुलगा तेव्हा बालवाडीत होता. यंदा कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णा मोटारी वाहून न्यायची रो-रो काढली. पण माझ्याकडे मोटारच नाही.

माझं काम: भजनाची पेटी उचलणे. वाजवणे नव्हे, उचलणे. रात्री साडेनऊला पहिलं घर, पहाटे तीनला शेवटचं. पेटी खांद्यावर, पुढे पेट्रोमॅक्सवाला. प्रत्येक घरी काळ्या वाटाण्याची उसळ आणि चहा. सातव्या घरानंतर उसळीकडे बघवत नसे, पण नाही म्हटलं तर घरवाल्यांना राग. पेटीला हात लावायला मिळावा म्हणून सहा वर्षं ओझं वाहिलं आणि शेवटी बुवांनी एक गजर वाजवू दिला. सूर चुकला.

आता गावात ती पेटी मोटारसायकलवरून जाते म्हणे.

---

सोळाभाज्या | २९ ऑगस्ट, संध्याकाळी ६:५०

आम्ही वऱ्हाडातले, सध्या एडिसन, न्यू जर्सी. आमच्याकडे गणपतीपेक्षा महालक्ष्म्यांचं प्रस्थ. ज्येष्ठा-कनिष्ठा, पितळी मुखवटे, कोठ्यांवर नेसवलेल्या साड्या, वर टांगलेला फुलोरा. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. यंदा जेवणाचा दिवस १ सप्टेंबर, सोमवार. आणि इथे त्या दिवशी लेबर डेची सुट्टी! यंदा देवीने अमेरिकन कॅलेंडर बघून तारीख घेतली.

पण आमची अडचण निराळी. महालक्ष्म्या आमच्यात थोरल्याच्या घरी. मी धाकटा. आईच्या मते देवीचं बिऱ्हाड असं दोन ठिकाणी मांडायचं नसतं. त्यामुळे इथल्या देशी बाजारात, ओक ट्री रोडवर, पडवळ, दोडकं, काकडी, भोपळा, गवार सगळं ढिगाने मिळत असताना माझ्या घरी मुखवटे नाहीत. बायको सोळा भाज्यांची एकत्र भाजी करते, ज्वारीची आंबील करते, पुरण घालते, आणि आम्ही ते नैवेद्य न दाखवता जेवतो. आंबील गरम असताना चांगली लागत नाही, रात्रभर राहिली की लागते. पण नैवेद्यच नाही म्हटल्यावर वाट बघायचं कारण उरत नाही, पोरं गरमच ओरपतात.

माझं काम होतं आघाडा, दूर्वा आणि केना आणायचं. केना कुठे उगवतो ते मला माहीत होतं: विहिरीच्या मागे, गोठ्याच्या पन्हाळीखाली. आता दादा बाजारातून जुडी आणतो, दहा रुपयांना. आईने फोनवर सांगितलं, “जुडीत निम्मं गवत निघते बाप्पा.” खोटं कशाला बोलू, ऐकून बरं वाटलं.

---

पंचांगवाचे | ३० ऑगस्ट, सकाळी ९:१५

@खळ्यातला, तुम्ही २७ला केलीत, पण ते भारताचं पंचांग. तिथी ही चंद्र-सूर्यातल्या अंतरावरून ठरते, त्यामुळे ती सुरू होण्याचा आणि संपण्याचा क्षण जगभर एकच. दिवस मात्र ज्याच्या त्याच्या सूर्याचा. गणेश चतुर्थीला मध्याह्नी चतुर्थी असावी लागते. यंदा चतुर्थी भारतात २६ला दुपारी दोनच्या सुमारास लागली आणि २७ला पावणेचारच्या सुमारास संपली. न्यूयॉर्कच्या घड्याळात ती २७ला सकाळी सव्वासहाच्या आसपासच संपते. तिथल्यांची चतुर्थी गणिताने २६ ऑगस्टला होती. @सोळाभाज्या यांनीही नक्षत्रं पुन्हा तपासावीत.

---

पेटीवाला | ३० ऑगस्ट, सकाळी ९:३२

म्हणजे बाप्पा अमेरिकेत आधी पोचला आणि कणकवलीला नंतर? हायवे, दुसरं काय.

---

खळ्यातला | ३० ऑगस्ट, दुपारी १:२०

@पंचांगवाचे, माहिती पटली, आभार. पण मी घरची आरती चालू असताना आरती म्हणणारच. एक दिवस आधी, घरी कोणी आंघोळसुद्धा केलेली नसताना, मी इथे एकटा मध्याह्न साधून काय करू?

---

चिकटमोदक | ३० ऑगस्ट, रात्री १०:०८

लीड्स, इंग्लंड. आयडीवरून कळलं असेलच. तरी नवीन आलेल्यांसाठी सांगते.

थाई दुकानातली तांदळाची पिठी मोदकांना उत्तम, आपल्याकडच्या साध्या पिठीपेक्षा बारीक. पण तिथे दोन प्रकारची पाकिटं शेजारी शेजारी असतात, रंग सोडून सगळं सारखं. एक साध्या तांदळाचं, दुसरं चिकट तांदळाचं. पहिल्या वर्षी मी दुसरं आणलं. उकड काढली तर ती परातीतून निघेना. हाताला तेल, पाणी, तूप, काही लावा, पारी बोटांबरोबर वर येते. अकरा पाकळ्यांचा मोदक जाऊ दे, गोळा होईना. तशीच कशीबशी उकडली तर मोदकपात्रात सगळे मोदक वितळून एक झाले. नवरा म्हणाला, “एकच मोठा मोदक आहे असं म्हणू.” तोच नैवेद्य दाखवला. हळदीची पानं नव्हतीच, केळीचं फ्रोझन पान तळाला घातलं होतं, तेही त्या गोळ्यात अडकून बसलं.

आता साधी पिठी आणते. एक वाटी पिठीला एक वाटी पाणी, चिमूट मीठ, चमचाभर लोणी, उकड गरम असतानाच मळायची. फ्रोझन खोबरं असेल तर गूळ घालायच्या आधी कोरडं परतून घ्या, नाहीतर सारण पाणी सोडतं.

आणि हो, धूप लावायच्या आधी खिडकी उघडा. आमच्या इमारतीत पहिल्या वर्षी आरतीला घंटेची गरज पडली नाही, फायर अलार्मने वाजवली. सगळे शेजारी पायजम्यात खाली.

माझं घरचं काम म्हणाल तर सारणातली वेलची सोलणे. आता तयार पूड आणतात. म्हणजे माझं काम मिक्सरने घेतलं.

---

उंबरठा | ३१ ऑगस्ट, पहाटे ५:४०

मेलबर्न. सगळे इतके हळवे होऊन लिहिताहेत की लिहू की नको असं झालं होतं. लिहितेच.

मला सासरचा गणपती अजिबात चुकल्यासारखं होत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातलं मोठं घर, पाच दिवस, दोन्ही वेळा तीस-पस्तीस पानं. मला तो सण उभ्याने आठवतो. पहाटे चारला नारळ खवायला बसलं की उठायचं ते थेट मोदकपात्रापाशी. पुरुषांची पंगत, मुलांची पंगत, मग पाहुणे, मग आम्ही. साडेतीन वाजता, गार झालेलं वरण आणि फुटलेले मोदक. अख्खे देवाला आणि पंगतीला. लग्नानंतर पहिल्या वर्षी सासूबाईंनी हळूच एक गोळ्यांचं पाकीट हातात दिलं, पाळी पुढे ढकलायच्या. “त्या पाच दिवसांत नको गं बाई.” सलग सात वर्षं घेतल्या. डॉक्टरांना विचारलं का? कोणी विचारतं का?

इथे आम्ही अकरा मोदक करतो. उकड नवरा काढतो, कळ्या मी पाडते. चुकला तर चुकला. आरतीला मी गणपतीसमोर उभी असते. पहिल्या वर्षी लक्षात आलं की मला ‘सुखकर्ता’ची तिन्ही कडवी नीट पाठच नाहीत. सासरी आरतीच्या वेळी मी कायम गॅसपाशी.

@खळ्यातला, तुम्हाला पाट मिळाला होता. छान लिहिलंय, खरंच. पण तुम्ही पायरीवर थांबायचात तेव्हा आत कोण काय करत होतं, तेही जरा आठवून बघा.

---

गावातच | ३१ ऑगस्ट, रात्री ११:५५

आज गौरी आणल्या, म्हणून उशीर. आमच्यात तेरड्याची गौर, सुवासिनी पाणवठ्यावरून वाजत-गाजत आणतात. उद्या ओवसे (सुवासिनी गौरीपुढे सुपं ओवाळतात ते).

मी मालवण तालुक्यात राहतो. म्हणजे कायम राहतो. चाकरमानी आणि परदेशवाले दोघांनाही मनापासून सांगतो, तुम्हाला गाव चुकतो तो दहा दिवसांचा. आमच्या वाडीत बावीस घरं, त्यातली तेरा वर्षभर कुलपात. चतुर्थीच्या आठ दिवस आधी फोन यायला लागतात: “जरा दार उघडून झाडून ठेवशील? लाइट आहे का बघशील? कौलं गळतायत का?” बघतो. शेजारधर्म आहे. माटवीचं सामान रानातून आणायचं, कांगण्या कुठल्या पाणंदीत, हरणाची फुलं कुठल्या कातळावर, हे आता वाडीत आम्हा तिघांनाच माहीत. आम्ही बावीस घरांचं आणतो. बाजारात यातलं बरंचसं जुडी बांधून विकायला येतं, पण लोकांना रानातलंच हवं असतं, दुसऱ्याने आणलेलं.

भजनालाही माणसं नाहीत. तीन वाड्यांचं मिळून एक मंडळ केलंय. @पेटीवाला, पेटी मोटारसायकलवरून जाते ती हौस म्हणून नव्हे. उचलायला पोरगा नाही.

राग नाही, पण पाट न्यायला तुमच्या घरी पुतण्या आहे ना? मग तुमचं बरं चाललंय. गणपतीच्या शाळेत यंदा सहा पाट शाळावाल्यानेच जाऊन गोळा केले, कारण नेऊन देणारं कोणी नव्हतं.

---

पेटीवाला | १ सप्टेंबर, सकाळी ६:५०

कबूल. पुढच्या वर्षी पेटी मी उचलतो. तिकीट मिळालं तर.

---

कातळशिल्पी | १ सप्टेंबर, दुपारी ३:१०

थोडं अवांतर. कामानिमित्त दोन वर्षं मॉरिशसला होतो. तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, अख्ख्या देशाला. तिथले मराठी लोक एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर मजुरीला गेलेल्यांचे वंशज, त्यातले बरेच कोकणातले. घरात आता क्रिओल बोलतात, अनेकांना मराठी जेमतेम समजते. पण गणपतीत झाकरी म्हणतात. गोल करून, ढोलकी-झांजांवर, पाय आपटत. पहिल्यांदा बघितलं आणि तिथेच उभा राहिलो. आमच्या संगमेश्वरकडे जाखडी म्हणतात तीच ही. शब्द झिजलेत, पायांचा ठेका तोच.

ज्यांनी ती नेली त्यांना ना फोन होता ना परतीचं तिकीट. त्यांच्यापैकी कोणी म्हटलं असेल का, की गावच्या नाचात माझी जागा आता कोणी घेतली? असेलच.

---

खळ्यातला | ३ सप्टेंबर, रात्री ९:३०

काल आमचे गौरी-गणपती गेले. सगळ्यांना एकेक उत्तर द्यायला जमलं नाही, माफ करा.

@गावातच, तुमचं लिहिणं लागलं, आणि लागायला हवंच होतं. आमचं घर उघडं आहे, कारण काका-काकी आणि माझी आई तिथे राहतात. हे मी मूळ धाग्यात लिहिलंच नव्हतं, जणू घर आपोआप उघडं राहतं.

@उंबरठा, तुमचं वाचून आईला फोन केला. विचारलं, “मी पाट घेऊन यायचो तेव्हा तू कुठे असायचीस?” आधी तिला प्रश्नच कळला नाही. मग म्हणाली, “खय आसतलंय? चुलीकडे.” मी म्हटलं, आणि आरतीला? म्हणाली, “आरतीक येय मधीच. पण गाऱ्हाणा माका आजपर्यंत पुरा आयकूक गावला नाय. तेवा वडे कढयेत आसत.”

एकेचाळीस वर्षं झाली तिला त्या घरात येऊन. आवाज यायचा, म्हणाली, ‘होय म्हाराजा’ ऐकू यायचं, पण कशाला होय ते नाही. मुंबईवाल्यांसाठी मागतात हे तिला माहीत होतं, ‘परदेशात’ हा शब्द काकांनी नऊ वर्षांपूर्वी घातला हे माहीत नव्हतं.

काल निरोपाच्या आरतीला काकांनीच काकीला आणि तिला बाहेर बोलावलं. मी फोन करून सांगितलं होतं, त्यामुळे त्याचं फार कौतुक नको. वडे आधी तळून ठेवले, गार झाले, एका आतेभावाने तोंड वाकडं केलं. फोन या वेळी आईच्या हातात होता. तिला तो धरता येत नाही, त्यामुळे मला पूर्ण गाऱ्हाणंभर घराचे वासे आणि तिचा अंगठा दिसला. तिचा ‘होय म्हाराजा’ मात्र कानाशी आला. तीही दर वेळी मागेच पडत होती, सवय नाही ना. आम्ही दोघं साधारण एकदमच पोचत होतो.

इथलं विसर्जन बाल्कनीत बादलीत केलं. मातीचा गणपती विरघळायला पावणेदोन तास लागले, मुलं शेवटपर्यंत बसून होती. ती माती टोमॅटोच्या कुंडीत घातली.

पुढची चतुर्थी १४ सप्टेंबर २०२६, सोमवार. तेव्हाही शाळा चालूच. बायको म्हणते, तू एकटा जा, निदान नागपंचमीचं तरी जमव. बघू.

आज दुपारी पुतण्याचा फोन आला होता. पाट धुऊन माळ्यावर ठेवला म्हणाला. “काका, मागचा नाव पुसून गेला हा. रंगवू?” मी म्हटलं, थांब, डिसेंबरात येतोय, मी रंगवतो. तो बरं म्हणाला. फोन ठेवला आणि पाच मिनिटांनी परत लावला. म्हटलं, तूच रंगव. रंगाचा डबा पडवीतल्या फळीवर आहे, ब्रश मात्र नवीन घे.

---

पंचांगवाचे | ३ सप्टेंबर, रात्री १०:०२

२०२६ची चतुर्थी भारत, युरोप, अमेरिका सगळीकडे १४लाच येते. तपासली.

---

चिकटमोदक | ३ सप्टेंबर, रात्री १०:१५

@खळ्यातला, त्या टोमॅटोचे फोटो टाका.